ट्युनाचा माग आणि त्याच्या पोटातलं अन्न: बडोद्यात बसून काय काय जमेल?

रावपुऱ्याची

नमस्कार मंडळी. बडोद्याला एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी मोठ्या ट्युनाचं स्थलांतर आणि आहार असा विषय मनात आहे. हातात आठ महिने आहेत, पैसे जेमतेम, आणि जवळचं ट्युनाचं बंदर म्हणजे वेरावळ. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

उपग्रह टॅगमधलं जीपीएस दर किती तासांनी माशाची जागा कळवतं? परदेशातल्या एखाद्या टॅगचा थेट माग कुठे बघायला मिळेल का?

वेरावळहून गेदराची (तिथे मिळणाऱ्या ट्युनाची) साठेक जठरं दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये आणायचा बेत आहे. तेवढी पुरतील का?

आणि स्थलांतर व आहार हे दोन्ही एकाच प्रबंधात बसवता येईल, की एक सोडून द्यावं?

खोलपाणी

पहिल्या प्रश्नातच एक गैरसमज आहे, तो आधी दूर करू. ट्युनाच्या टॅगमध्ये जीपीएस नसतं. खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी जवळजवळ शिरतच नाहीत. कासव किंवा सील श्वास घ्यायला वर येतात, तेवढ्यात त्यांच्या टॅगला उपग्रह सापडतो. ट्युना पाण्यातच श्वास घेतो, त्याला वर यायची गरज नाही. म्हणून थेट माग असा काही नसतोच. टॅग महिनोनमहिने आतल्या आत नोंदी करत राहतो आणि शेवटी एकदाच बोलतो.

मोठ्या माशाला लावतात तो पॉप-अप टॅग. वितीपेक्षाही लहान, साठेक ग्रॅम वजनाचा, वर तरंगणारा फुगीर भाग आणि त्यातून निघालेली अँटेना. आत मुख्य मोजमापं तीन असतात: प्रकाश, तापमान आणि दाब, म्हणजे खोली. पराच्या बुडाशी रुतवलेल्या टायटॅनियमच्या किंवा नायलॉनच्या काट्याला जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधून टॅग मागे सोडलेला असतो. ठरवलेल्या तारखेला टॅग स्वतःच्या बॅटरीतून धातूच्या पिनेत वीज सोडतो, खाऱ्या पाण्यात ती पिन काही तासांत विरघळते आणि टॅग वर येतो. मग आर्गोस उपग्रहांकडे ४०१.६५ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवायला लागतो.

खरी मेख इथे आहे. हा संवाद एकतर्फी आहे. संदेश पोचला की नाही हे टॅगला कळत नाही, म्हणून तो तेच तेच पुन्हा पाठवत राहतो आणि एका संदेशात जेमतेम काही डझन बाइट मावतात. दर मिनिटाची खोली पाठवायची असं ठरवलं आणि टॅग आठ महिने ठेवला, तर नोंदी इतक्या साठतात की निम्म्या पाठवायच्या आतच बॅटरी संपते. त्यामुळे आधीच हिशेब करून ५ किंवा १० मिनिटांचं अंतर धरतात, नाहीतर दिवसभराचा सारांश. टॅग किनाऱ्यावर वाहून आला आणि कुणाच्या हाती लागला तर मात्र आतली पूर्ण नोंद मिळते. म्हणूनच टॅगवर बक्षिसाचा मजकूर छापतात.

बिघडतं काय, तर सगळ्यात जास्त वेळा टॅग वेळेआधी सुटतो. काटा नुसता मांसात रुतला तर जखम चिघळून बाहेर येतो. तो पराला आधार देणाऱ्या हाडांच्या मधून पलीकडे जाऊन अडकायला हवा. म्हणून लावणाऱ्याचा हात फार महत्त्वाचा. मासा ओल्या गुळगुळीत चटईवर घ्यायचा, डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं, तोंडात समुद्राच्या पाण्याचा पाइप धरून कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवायचं, आणि लांबी मोजून दोनेक मिनिटांत परत सोडायचा. ट्युनाला कल्ल्यांवरून पाणी जाण्यासाठी सतत पोहत राहावं लागतं, त्यामुळे इथे प्रत्येक सेकंद मोलाचा आहे.

मासा मेला तर तेही नोंदीत दिसतं. खोलीची रेघ सरळ खाली जाते. टॅग दाबाने चिरडू नये म्हणून १८०० मीटरच्या आसपास तंगूस कापणारं वेगळं साधन लावतात. उथळ पाण्यात मासा तळाला जाऊन पडला, तर खोली काही दिवस बदलत नाही हे ओळखून टॅग स्वतःच सुटतो. आणखी एक प्रकार बघण्यासारखा आहे. प्रकाश अचानक शून्य, तापमान एका जागी थिजल्यासारखं, पण खोली मात्र वरखाली होतेय. याचा अर्थ टॅग कुणीतरी गिळलाय, बहुधा शार्कने. असे दिवस काढून न टाकता माग काढला तर नकाशावर शार्कचा प्रवास ट्युनाच्या नावावर लागतो.

एकेका टॅगची किंमत तीन-चार लाखांच्या घरात जाते, उपग्रहाचा खर्च वेगळा. तेव्हा तुम्ही टॅग लावायचा विचार सोडा. टॅगची नोंद वाचायला मात्र शिका, ते घरबसल्या जमतं.

उन्हाचं_गणित

जीपीएस नाही, मग जागा कशी कळते, हे अजून राहिलंय. उत्तर आहे प्रकाशावरून. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा काढायच्या. त्यांचा मध्य म्हणजे तिथली खरी दुपार, तिच्यावरून रेखांश मिळतो. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश.

हे बडोद्यावरच ताडून बघा. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि बडोदा साधारण ७३.२ वर. फरक ९.३ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३७ मिनिटं. म्हणून बडोद्यात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२:३७ ला. सरासरी म्हटलं, कारण पृथ्वीच्या लंबगोल कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे ही वेळ फेब्रुवारीच्या मध्याला १२:५१ पर्यंत जाते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२१ पर्यंत येते. ही दुरुस्ती विसरलात तर रेखांश साडेतीन-चार अंशांनी चुकतो.

अक्षांशाचं गणित जास्त नाजूक. बडोद्यात २१ जूनला दिवस साडेतेरा तासांचा असतो, २२ डिसेंबरला पावणेअकरा तासांचा. जूनमध्ये अंशभर उत्तरेला सरकलं की दिवस ४ मिनिटांनी वाढतो. पण २१ मार्चच्या आठवडाभर मागेपुढे हाच फरक अर्ध्या मिनिटावर येतो. तेव्हा सूर्यास्त ओळखण्यात ४-५ मिनिटांची चूक झाली की अक्षांश दहा अंशांनी उडतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये मासा एका दिवसात वेरावळहून मालदीवला पोचलेला दिसला, तर ती माशाची करामत नाही, संपाताची, म्हणजे दिवस-रात्र सारखे होण्याच्या काळाची आहे. एरवीसुद्धा रेखांशात अर्धा ते एक अंश आणि अक्षांशात एक ते तीन अंश इतकी चूक गृहीतच धरतात.

हे हाताने करून बघायचं असेल तर गच्चीवर करता येतं. आर्डुइनो (छोटा संगणकी बोर्ड), डीएस-३२३१ घड्याळाचा मॉड्यूल, मेमरी कार्डाचा मॉड्यूल, एक एलडीआर (प्रकाश मोजणारा घटक) आणि १० किलोओहमचा रोधक. दर ६० सेकंदांनी एक नोंद. एलडीआर सरळ आकाशाकडे तोंड करून बसवा आणि वर पिंगपाँगचा अर्धा चेंडू उपडा ठेवा, म्हणजे ऊन तिरपं पडलं तरी वाचन एकाच बाजूला झुकत नाही. दहा दिवस चालू ठेवा. आर्डुइनोच्या स्वतःच्या घड्याळावर विसंबू नका, ते दिवसाला काही सेकंदांनी भरकटतं आणि महिनाभरात ती चूक मिनिटांत जाते.

उंबरठा, म्हणजे किती प्रकाश पडला की सूर्य उगवला मानायचं, तो सकाळ-संध्याकाळ एकच ठेवा आणि रस्त्यावरच्या दिव्यापेक्षा वर ठेवा. पश्चिमेला उंच इमारत असेल तर गंमत बघा. सूर्यास्त ८ मिनिटं लवकर नोंदला गेला की दुपार ४ मिनिटांनी अलीकडे येते आणि गच्ची एक अंश पूर्वेला सरकते, थेट अलिराजपूरजवळ. त्यातून जून असेल तर दिवस ८ मिनिटांनी आखूड दिसतो, म्हणजे अक्षांशही दोन अंश दक्षिणेला. एका भिंतीपायी तुमचं घर नाशिक जिल्ह्यात चांदवडला जाऊन बसतं.

आता भिंतीच्या जागी समुद्र ठेवा. पहाटे आणि संध्याकाळी खोल थरातले छोटे मासे, म्हाकूळ आणि कोळंबीसारखे जीव वरखाली करतात आणि ट्युना नेमक्या त्याच वेळी त्यांच्यामागे बुडी मारतो. टॅगला वाटतं अंधार पडला. म्हणून प्रकाशाची नोंद खोलीनुसार दुरुस्त करावी लागते. मग पृष्ठभागाचं तापमान उपग्रहाच्या तापमान नकाशाशी जुळवतात, मासा दिवसात किती अंतर कापू शकतो याची मर्यादा घालतात, आणि संभाव्यतेच्या प्रारूपातून सगळ्यात पटणारा मार्ग निघतो. नकाशावर दिसणारी बारीक रेघ ही खरं तर शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीचा पट्टा असते. प्रबंधात तो पट्टा दाखवा, नुसती रेघ नको.

वेरावळ_बंदर

फॉर्मॅलिनचा बेत आधी रद्द करा. फॉर्मॅलिन जुनं होतं तसं आम्ल बनतं आणि जठरातल्या छोट्या माशांचे ओटोलिथ, म्हणजे कानातले चुन्याचे खडे, विरघळवून टाकतं. अर्धवट पचलेला मासा ओळखायला तोच तर पुरावा असतो. शिवाय पुढे डीएनए किंवा समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) तपासायची म्हटली तर नमुना बाद. जठर दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधा, अन्ननलिकेच्या बाजूला आधी, म्हणजे आतलं बाहेर येत नाही. पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घाला आणि उणे २० अंशाला गोठवा. नुसत्या बर्फात ठेवलेल्या माशाचं पचन थांबत नाही, मंदावतं फक्त.

वेरावळला कुठला मासा मिळणार तेही समजून घ्या. तिथे गेदर म्हणून जो मुख्यतः येतो तो लांबशेपट्या ट्युना, शास्त्रीय नाव थुन्नस टोंगोल. हा उथळ किनारी पट्ट्यातला मासा. खोल समुद्रातला पिवळ्या पंखांचा कुपा, म्हणजे थुन्नस अल्बाकेअर्स, वेगळा. कोकणात कुपा, गेदर ही नावं माणसागणिक बदलतात, तेव्हा विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. पोट उघडल्यावर यकृताचा खालचा भाग बघा. या दोघांत तो गुळगुळीत असतो. ब्लूफिन, बिगआय आणि अल्बाकोर या ट्युनांमध्ये त्यावर बारीक रेघा असतात.

तुमची मासळी बहुतेक गिलनेटची, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या सोडलेल्या जाळ्याची असणार. जाळ्यात अडकल्यापासून वर काढेपर्यंत काही तास जातात आणि ट्युनाचं पचन जलद असतं. त्यामुळे रिकामी जठरं भरपूर निघतील. लाँगलाइनच्या (आमिष लावलेल्या अनेक गळांच्या लांब दोरीच्या) माशात उलटी अडचण: आमिषाचे तुकडे पोटात सापडतात. कुठलं आमिष लावलं होतं ते खलाशांना विचारून लिहून ठेवा आणि ते हिशेबातून वगळा.

प्रयोगशाळेत जठर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या. भरलेलं वजन करा, कापून आतलं अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर हलक्या पाण्याने धुवा आणि रिकाम्या पिशवीचं पुन्हा वजन करा. मग गट पाडा: मासे, म्हाकूळ, खेकडे, कोळंबी, बाकीचं. म्हाकुळाची चोच हमखास टिकते. वरच्या आणि खालच्या चोची वेगळ्या मोजा, जास्त भरेल तो आकडा म्हणजे म्हाकुळांची संख्या. पण चोची जठराच्या घड्यांत दिवसेंदिवस अडकून राहतात, माशाचं मांस काही तासांत विरतं. सगळ्या चोची मोजल्या तर वाटतं हा मासा म्हाकुळावरच जगतो. म्हणून मांस चिकटलेल्या ताज्या चोची आणि कोरड्या जुन्या चोची असे दोन रकाने करा.

संख्या, वजन आणि आढळ एकत्र करायचं सूत्र साधं आहे: संख्येची टक्केवारी अधिक वजनाची टक्केवारी, गुणिले आढळाची टक्केवारी. समजा ४० जठरांपैकी १२ रिकामी, २८ भरलेली. म्हाकूळ १४ जठरांत, म्हणजे आढळ ५०, संख्या ३०, वजन ४५: निर्देशांक ३७५०. छोटे खेकडे ७ जठरांत, आढळ २५, संख्या ६०, वजन १५: १८७५. संख्येने खेकडे दुप्पट असूनही महत्त्व निम्मं. आढळ काढताना भागाकार २८ ने करायचा, ४० ने नाही. इथे बरेच जण चुकतात.

साठ पुरतील का, हे आधी सांगता येत नाही. प्रत्येक जठरागणिक नवे भक्ष्य प्रकार किती वाढले त्याचा आलेख काढत जा. आलेख सपाट झाला की पुरे. चढतच राहिला तर आणखी हवीत. आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा नमुन्यांची आखणी त्याच्या अलीकडे-पलीकडे करा.

रावपुऱ्याची

सगळ्यांचे मनापासून आभार. फॉर्मॅलिन रद्द. गच्चीवरचा प्रयोग नक्की करणार.

एक शंका. आमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं आहे की जठर एका जेवणाचीच गोष्ट सांगतं, तेव्हा स्नायूतला नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचं जड समस्थानिक) बघ, त्यातून अन्नसाखळीतली पायरी निघते. मग जठरांचा खटाटोप हवाच कशाला?

कल्ले

सर बरोबर सांगताहेत, पण अर्धंच. समस्थानिकाने कुणाला खाल्लं हे कळत नाही, किती वरच्या पायरीचं खाल्लं एवढंच कळतं, आणि तेही जपून वाचलं तर. एक पायरी चढली की नायट्रोजन-१५ चं प्रमाण सर्वसाधारणपणे हजारी ३.४ ने वाढतं. ट्युनाचा पांढरा स्नायू हळू बदलतो, त्यात मागच्या काही महिन्यांचा आहार साठलेला असतो. मग त्या काही महिन्यांत मासा कुठे होता? तुमचं स्थलांतर इथे आहारात येतं.

अरबी समुद्रात दीड-दोनशे मीटरच्या खाली ऑक्सिजन जवळपास संपतो, तो थर हजारेक मीटरपर्यंत जातो. तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि त्यात हलका नायट्रोजन आधी निघून जातो. मागे राहतं ते जड नायट्रेट. ते वर येतं, प्लवकांत शिरतं आणि तिथून माशांत. म्हणजे उत्तर अरबी समुद्रातल्या ट्युनात नायट्रोजन-१५ मुळातच जास्त भरतं. विषुववृत्तापाशी तेच भक्ष्य खाणारा ट्युना कागदावर खालच्या पायरीचा दिसेल. पायरी बदललेली नसते, पाणी बदललेलं असतं. यावर उपाय दोन: त्याच पट्ट्यातले प्लवक किंवा छोटे मासे पायाभूत म्हणून मोजणं, नाहीतर अमिनो आम्लं वेगळी मोजणं. फेनिलअॅलनिन पाण्याची सही जपतं, ग्लुटॅमिक आम्ल पायरीगणिक वाढत जातं. दुसरा उपाय महाग आहे.

नमुना घेताना दरवेळी एकाच जागचा पांढरा स्नायू घ्या, पाठीवरच्या पहिल्या पराखालचा, दोन-तीन ग्रॅम. लाल स्नायू मिसळू देऊ नका. ६० अंशाला ४८ तास वाळवा, खलात पिठासारखा बारीक करा, कथिलाच्या कुपीत अर्धा ते एक मिलिग्रॅम भरा. कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर ३.५ च्या वर आलं तर चरबी राहिलीय असं समजा, ती कार्बन-१३ चा आकडा खाली ओढते. चरबी क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१ ने काढतात, पण त्या धुण्यात थोडी प्रथिनंही जातात आणि नायट्रोजनचा आकडा हलतो. म्हणून भुकटीचे दोन भाग करा: धुतलेल्यावर कार्बन, न धुतलेल्यावर नायट्रोजन.

आता टॅगकडून आहार कसा कळतो ते बघा, ट्युनाच्या अभ्यासातला मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग हा. ब्लूफिनच्या पोटात शस्त्रक्रियेने नोंद टॅग बसवतात, प्रकाशमापकाचा देठ तेवढा बाहेर. ब्लूफिन गटात पोटातल्या अवयवांशी रक्तवाहिन्यांचं असं जाळं असतं की परतणारं ऊबदार रक्त आत येणाऱ्या थंड रक्ताला तापवतं. माशाने भक्ष्य गिळलं की थंड पाणीही आत जातं, पोटाचं तापमान झपकन खाली येतं. मग पचन सुरू होतं आणि तेच तापमान तासन्तास चढत राहतं, अगदी पूर्वीच्याही वर. जेवण जितकं मोठं, तितका तो उंचवटा मोठा. मत्स्यालयातल्या ब्लूफिनला मोजून खायला घालून हे नातं पक्कं केलं गेलं आणि मग प्रशांत महासागरातल्या मोकळ्या माशांच्या नोंदींवरून रोजची ऊर्जा काढली. तुमच्या गेदरात किंवा कुप्यात हे चालणार नाही, त्यांच्या पोटाशी ते जाळं नसतं. त्यांच्या बाबतीत जठराला पर्याय नाही.

खोलपाणी

दोन्ही विषय एकत्र ठेवावेत का, तर ठेवाच. नुसता माग मासा कुठे गेला ते सांगतो, का गेला ते नाही. पिवळ्या पंखांचा कुपा दिवसाचा बहुतेक वेळ वरच्या शंभरेक मीटरमध्ये काढतो, क्वचित हजार मीटरखाली बुडी मारतो. बिगआय दिवसा ३०० ते ५०० मीटरवर आणि रात्री वर. खोलीच्या या नोंदीशेजारी जठर ठेवलं की अर्थ लागतो. अरबी समुद्रातल्या कुप्यात पोहणारा खेकडा चॅरिब्डिस स्मिथी आणि जांभळ्या पाठीचा उडता म्हाकूळ हे दोन्ही भरपूर सापडतात. दोघेही रात्री वर येणारे. खाली ऑक्सिजन नाही म्हणून कुपा वरच्या थरात कोंडलेला आणि त्याचं अन्न दर संध्याकाळी आपसूक त्याच्या दारात.

माग दुसऱ्या वाटेनेही काढता येतो, हे जाता जाता. ऑगस्ट २०११ मध्ये सॅन दिएगोजवळ पकडलेल्या प्रशांत ब्लूफिनमध्ये सिझियम-१३४ सापडलं. त्याचं अर्धायुष्य दोन वर्षांचं, तेव्हा जुन्या अणुचाचण्यांचं उरणं शक्य नव्हतं. ते फुकुशिमाचंच. मासा जपानकडून महासागर ओलांडून आलाय, याचा पुरावा त्याच्या मांसातच होता, टॅगशिवाय.

हिंदी महासागरापुरतं बोलायचं तर हिंदी महासागर ट्युना आयोगाच्या प्रकल्पात २००५ ते २००७ दरम्यान दीड लाखांहून जास्त ट्युनांना साधे प्लॅस्टिकचे टॅग लावले गेले. साध्या टॅगचे दोनच बिंदू असतात, सोडला तिथला आणि पकडला तिथला. पण संख्या मोठी असली की त्यातूनही चित्र उभं राहतं. आयोगाची पकडीची आकडेवारी महिन्यागणिक, चौकटीगणिक मोफत मिळते. आपल्याकडे इनकॉइस या महासागर माहिती सेवा संस्थेनेही कुप्याला पॉप-अप टॅग लावून अभ्यास केलाय. विभागाच्या पत्रावर त्यांच्याकडे आणि वेरावळच्या सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) केंद्राकडे लिहा, निदान उतरवलेल्या मासळीचे आकडे आणि माशाची ओळख पटवायला मदत मिळेल.

माझ्या मते आवाका असा ठेवा: वेरावळच्या टोंगोलची जठरं, त्याच माशांचा पांढरा स्नायू आणि आयोगाच्या आकड्यांवरून ऋतूनुसार पकड कुठे सरकते त्याचा नकाशा. गच्चीचा प्रयोग पद्धतीच्या प्रकरणात घाला, नकाशांतल्या चुकीचा अंदाज तुम्ही स्वतः तपासलेला असेल.

रावपुऱ्याची

आयोगाच्या आकड्यांत एक अडचण दिसतेय. पकड जास्त दिसते तिथे मासे जास्त होते की बोटी जास्त होत्या, हे कसं वेगळं करायचं?

उन्हाचं_गणित

पकडीला प्रयत्नाने भागायचं. लाँगलाइनला दर हजार गळांमागे किती मासे, पर्स सीनला (थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या जाळ्याला) दर दिवसामागे किंवा दर जाळ्यामागे किती. दोन्ही साधनांचे आकडे एकाच नकाशात मिसळू नका. लाँगलाइन खोलातले मोठे मासे काढते, पर्स सीन वरचे थवे. आणि लाँगलाइनच्या पाच-पाच अंशांच्या चौकटी असतात, एक चौकट विषुववृत्तापाशी साडेपाचशे किलोमीटर रुंद, तेव्हा त्यावर गुजरातच्या किनाऱ्याचं काही बारीक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. ज्या चौकटीत वर्षभरात दोन-चारच नोंदी आहेत ती कोरी सोडा. शून्य पकड आणि नोंदच नाही, या दोन गोष्टींना वेगवेगळे रंग द्या.